कोहा : एका छोट्या ग्रंथालयाने जगाला दिलेला आहेर

ग्रंथालय म्हटले की सामान्यतः काचेची कपाटे, वाचनकक्षातील लांब मेजे आणि वर्तमानपत्रे चाळणारी ज्येष्ठ मंडळी डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु ग्रंथालयाचा खरा कणा वाचकांच्या सहसा दृष्टीस पडत नाही. तो असतो नोंदींचा. आलेल्या प्रत्येक ग्रंथाची दाखल नोंदवही, लेखक व विषय यांनुसार लावलेली सूचीपत्रे, सभासदांची यादी, देवघेवीची नोंद आणि उशिरा परत आलेल्या पुस्तकावरील विलंब शुल्काचा हिशेब, या साऱ्यांचा मेळ बसला तरच ग्रंथालय चालते. व्यापाऱ्याच्या पेढीत रोजमेळ आणि खतावणी यांचे जे स्थान, तेच ग्रंथालयात या नोंदींचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नोंद कागदावरून संगणकात गेली आणि एक नवाच प्रश्न जन्माला आला. ही संगणकीय वही कोणाच्या मालकीची, आणि ती वर्षानुवर्षे सांभाळायची कोणी? या प्रश्नाला न्यूझीलंडमधील एका लहान गावाच्या ग्रंथालयाने जे उत्तर दिले, त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

पूर्वपीठिका

संगणकाला पुस्तक ओळखता यावे यासाठी प्रथम नोंदीचा एक ठरावीक साचा आवश्यक होता. तो घडविण्याचे श्रेय अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील हेन्रिएट अव्हराम या विदुषीकडे जाते. १९६० च्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ ही पद्धती सिद्ध झाली. लेखक, शीर्षक, प्रकाशक, विषय अशा प्रत्येक घटकाला तीन अंकी खूण दिलेली असल्यामुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्या ग्रंथालयाच्या यंत्रालाही वाचता येऊ लागली. एकाच पुस्तकाची सूची प्रत्येक गावी नव्याने लिहिण्याचे श्रम त्यामुळे वाचले.

साचा तयार झाला, तरी त्यात भर घालणारी आणि त्यातून शोध घेणारी प्रणाली हवी होती. या बाबतीत विकसनशील देशांना मोठा हात दिला तो युनेस्कोने. ‘सीडीएस आयसिस’ ही प्रणाली १९८५ च्या अखेरीस लहान संगणकांसाठी उपलब्ध झाली आणि ना-नफा संस्थांना ती विनामूल्य वाटली गेली. भारतात ‘निसॅट’ या शासकीय योजनेमार्फत तिचा प्रसार झाला व अनेक ग्रंथपालांनी संगणकाची पहिली मुळाक्षरे तिच्यावरच गिरवली. मात्र ती वापरण्यास मोकळी असली, तरी तिची मूळ आज्ञावली, म्हणजे ज्या सूचनांनी ती घडली त्या सूचना, युनेस्कोकडेच राहत. पुढे दिल्लीची ‘लिबसिस’, पुण्यातील अल्गोरिदम्स या कंपनीची ‘स्लिम’ अशा स्वदेशी प्रणालीही आल्या आणि त्यांनी चांगली सेवा दिली. त्यांची रीत व्यापाराची होती व त्यात गैर काहीच नव्हते. प्रणाली विकत घ्यायची आणि तिच्या देखभालीसाठी पुढेही कंपनीकडेच जायचे. परंतु अशा व्यवस्थेत एक धोका सदैव दडलेला असतो. कंपनी बंद पडली, तिने धोरण बदलले किंवा शुल्क परवडेनासे झाले, तर ग्रंथालयाची सारी वही दुसऱ्याच्या कुलपात अडकते.

लेव्हिन गावाची अडचण

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वेलिंग्टन या राजधानीच्या उत्तरेस सुमारे पंच्याण्णव किलोमीटरवर लेव्हिन नावाचे गाव आहे. आसपासचा होरोव्हेनुआ हा परिसर भाजीपाल्याच्या शेतीसाठी ओळखला जातो. १९९९ साली तेथील सार्वजनिक ग्रंथालये ‘होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट’ हा न्यास चालवीत असे. लेव्हिनला मुख्य ग्रंथालय आणि फॉक्सटन व शॅनन या गावी शाखा, असा त्याचा आटोपशीर पसारा होता.

या न्यासापुढे त्या वर्षी साऱ्या जगाला भेडसावणारे संकट उभे राहिले. जुन्या संगणक प्रणालींत जागा वाचविण्यासाठी वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिले जात. ९९ नंतर ०० आले की यंत्र ते २००० न समजता १९०० समजणार, अशी भीती होती. ज्या ग्रंथालयाचे सर्व काम पुस्तक कधी नेले आणि कधी परत करावयाचे या तारखांवर चालते, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. न्यासाची प्रणाली जुनी झालेली होती आणि नव्या शतकात ती टिकणार नाही हे स्पष्ट होते. बाजारात तयार प्रणाली होत्या, पण त्या महाग होत्या. शिवाय शाखांना जोडण्यासाठी लागणाऱ्या दूरसंचार जोडणीचा खर्च वेगळाच होता.

ग्रंथालय प्रमुख रोझाली ब्लेक आणि त्यांच्या सहकारी जोअ‍ॅन रॅन्सम यांनी तेव्हा वेगळी वाट धरली. वेलिंग्टन येथील ‘कातिपो कम्युनिकेशन्स’ या छोट्या कंपनीच्या रेचेल हॅमिल्टन-विल्यम्स यांच्याकडे त्यांनी नवीन प्रणाली घडविण्याचे काम सोपविले. कातिपो हे न्यूझीलंडमधील एका कोळ्याचे माओरी नाव. महाजालावर काम करणाऱ्या कंपनीस ते शोभणारेच होते. क्रिस कॉर्मॅक या तरुण आज्ञावलीकाराचा या कामात प्रमुख वाटा होता. महागडी यंत्रसामग्री टाळून लिनक्स, मायएसक्यूएल आणि पर्ल या मुक्तपणे मिळणाऱ्या साधनांवर प्रणाली उभी करण्यात आली. साध्या दूरध्वनी तारेवरूनही ती चालावी, ही त्यामागील दृष्टी होती. १९९९ च्या अखेरच्या महिन्यांत हे काम झाले आणि जानेवारी २००० च्या पहिल्या आठवड्यात लेव्हिनच्या वाचकांना पुस्तके नव्या प्रणालीवरून दिली जाऊ लागली.

गोष्ट येथेच संपली असती, तर एका गावाची अडचण दूर झाली एवढेच म्हणावे लागले असते. पण न्यासापुढे आणि कंपनीपुढे दुसरा प्रश्न होताच. ही प्रणाली उद्या बिघडली, जुनी झाली, तर काय? एवढ्याशा न्यासाने एकट्याने ती किती वर्षे सांभाळायची? न्यासाचे काम ग्रंथालय चालविण्याचे, प्रणाली विकण्याचे नव्हे. आणि कातिपोलाही तिच्या विक्रीची पेढी थाटायची नव्हती. तेव्हा उभयतांनी ठरविले की ही प्रणाली जगासाठी खुली करावी. इतरांनी ती वापरली, तर इतर तिच्यात भरही घालतील आणि सांभाळण्याचा भार वाटला जाईल. हा निर्णय उदार होता, त्याचबरोबर तो व्यवहारचातुर्याचाही होता.

आहेर आणि परतीचा आहेर

२००० सालीच ही प्रणाली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ या परवान्याखाली प्रसिद्ध करण्यात आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये प्रथम सिद्ध केलेल्या या परवान्याचे मर्म थोडक्यात असे. प्रणाली कोणीही वापरावी, तिची प्रत काढावी, तिची मूळ आज्ञावली वाचावी आणि आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात बदलही करावेत. परंतु बदललेली प्रणाली पुढे कोणास दिली, तर तीही याच अटींवर द्यावी, म्हणजे घेणाऱ्यालाही हेच सर्व अधिकार मिळावेत. जे मोकळे मिळाले ते पुढे कोंडून ठेवता येणार नाही, हा त्यातील मुख्य दंडक होय.

प्रणालीस नाव दिले गेले ‘कोहा’. हा माओरी भाषेतील शब्द आहे. माओरी लोकांच्या मेळाव्यास जाणारे पाहुणे यजमानांसाठी जी भेट नेतात, तिला कोहा म्हणतात. पूर्वी ती बहुधा खाद्यपदार्थांच्या रूपात असे. या भेटीत परतफेडीची भावना अंतर्भूत असते. आज आम्ही तुमच्या दारी भेट आणली, उद्या तुम्ही आमच्या दारी आणाल, आणि या देवघेवीतून नाते टिकून राहील. मराठी माणसास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडील आहेर आणि परतीचा आहेर यांत नेमका हाच भाव आहे. आहेराचे मोल वस्त्राच्या किमतीत नसते. तो घेणारा आणि देणारा पुढेही एकमेकांचे राहतील, या विश्वासात असते. मुक्त परवान्याचे तत्त्व कायद्याच्या भाषेत जे सांगते, ते या एका शब्दात सामावले होते.

परतीचा आहेर येण्यास फार काळ लागला नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील शाळांनी प्रणाली स्वीकारून तिच्यात सुधारणा केल्या. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयास कोहा हवी होती, परंतु तिच्यात ‘मार्क’ पद्धतीची सोय नव्हती. त्या ग्रंथालयाने त्या सोयीसाठी आर्थिक साहाय्य देऊ केले, फ्रान्समधील पॉल पुलँ यांनी ते काम अंगावर घेतले आणि २००३ मध्ये नेल्सनव्हिल येथे कोहा सुरू झाली. त्याचा लाभ मात्र केवळ नेल्सनव्हिलला नव्हे, तर सर्वांना झाला. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यातील क्रॉफर्ड परगण्याच्या ग्रंथालयांनी खर्च उचलला आणि डेन्मार्कच्या इंडेक्स डेटा या कंपनीची ‘झेब्रा’ ही शोधयंत्रणा कोहाला जोडली गेली. त्यामुळे लाखो नोंदींतून पुस्तक क्षणात सापडू लागले. एका गावाने विहीर खणली, दुसऱ्याने तिला पायऱ्या बांधल्या, तिसऱ्याने रहाट बसविला. पाणी मात्र सर्वांचेच राहिले.

नावाची लढाई

जे मोलाचे असते त्यावर हक्क सांगणारे निर्माण होतात, हा जगाचा नियमच आहे. नेल्सनव्हिल येथील अनुभवातून २००५ मध्ये ओहायोत ‘लिबलाइम’ ही कंपनी स्थापन झाली. कोहा बसवून देणे व तिची देखभाल करणे हा तिचा व्यवसाय होता, आणि कोहाच्या विकासास आरंभी तिने मोठा हातभारही लावला. २००७ मध्ये तिने कातिपोकडून कोहाविषयीचा व्यवसाय विकत घेतला. कोहाचे मूळ संकेतस्थळही तिच्या हाती होते. २००९ मध्ये या कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची स्वतंत्र आवृत्ती जाहीर केली आणि जगभरच्या कार्यकर्त्यांत अस्वस्थता पसरली. सर्वांनी मिळून वाढविलेले झाड एका कुंपणात जाते की काय, अशी शंका अनेकांना वाटली. २०१० मध्ये लिबलाइम ही पीटीएफएस या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या मालकीची झाली.

या प्रसंगी परवान्याचे सामर्थ्य दिसून आले. आज्ञावली मोकळी असल्यामुळे ती कोणाच्याच कुलपात अडकू शकत नव्हती. कार्यकर्त्यांनी नवे संकेतस्थळ उभारले, काम तेथे हलविले आणि सामाईक मालमत्तेचा विश्वस्त म्हणून एका संस्थेची निवड केली. ती संस्था म्हणजे ज्या होरोव्हेनुआ न्यासाने मूळ भेट दिली होती, तोच न्यास. देणाऱ्याकडेच सांभाळण्याची जबाबदारी परत आली.

याच सुमारास या इतिहासात महाराष्ट्राचे नाव येते. कोहाचे कार्यकर्ते वर्षातून एकदा जगातील एखाद्या शहरी एकत्र जमतात. २००६ मध्ये असा मेळावा पॅरिस येथे भरला होता आणि २०१० मध्ये वेलिंग्टन येथे. २०११ चा मान ठाणे शहरास मिळाला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रसारक मंडळाच्या यजमानपदाखाली ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी हा मेळावा पार पडला. ज्या नगरीत १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली, त्या नगरीत नव्या युगातील ग्रंथालय प्रणालीवर विचारविनिमय व्हावा, हा योग खचितच आनंददायी होता.

मेळावा संपून काही आठवडे होतात न होतात, तोच न्यूझीलंडहून चिंतेची वार्ता आली. ‘कोहा’ या नावावर व्यापारचिन्ह म्हणून पीटीएफएसने केलेला अर्ज तेथे तात्पुरता मान्य झाला होता. आज्ञावली मोकळी होती हे खरे. पण नाव गेले तर? ज्यांनी ती घडविली त्यांनाच आपल्या देशात ते नाव उच्चारताना परवानगी घ्यावी लागण्याची शक्यता निर्माण झाली, आणि नाव तर माओरी जनांच्या परंपरेतील. आपण हे चिन्ह सार्वजनिक हिताच्या संस्थेस सुपूर्त करण्यास तयार आहोत, असे कंपनीने जाहीर केले होते. तरीही वाद मिटला नाही. लेव्हिनच्या न्यासाकडे न्यायालयीन लढाईसाठी पैसा नव्हता. त्याने जगभरच्या मित्रांना हाक दिली आणि त्या हाकेस ओ मिळाली. न्यास आणि वेलिंग्टनची कॅटलिस्ट ही कंपनी यांनी हरकत नोंदविली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, निकाल लागला. पीटीएफएसचा अर्ज फेटाळला गेला आणि खर्चही तिच्यावर बसविण्यात आला. नाव सर्वांचे राहिले.

देखभालीची शिस्त

या लढाईची कथा रोमहर्षक आहे. परंतु कोहा टिकली ती केवळ निकालामुळे नव्हे. ती टिकली रोजच्या, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या देखभालीमुळे. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या ग्रंथपालास दोष आढळला, की तो सार्वजनिक नोंदवहीत लिहिला जातो व त्यास क्रमांक मिळतो. कोणीतरी त्यावर दुरुस्ती तयार करतो. ती दुरुस्ती लगेच स्वीकारली जात नाही. दुसरी व्यक्ती ती आपल्या यंत्रावर तपासते आणि आपल्या नावानिशी ग्वाही देते. त्यानंतर गुणवत्ता पाहणारा गट ती पुन्हा पारखतो. शेवटी त्या कालावधीसाठी निवडलेला आवृत्तीप्रमुख तिला मूळ प्रणालीत स्थान देतो. कितीही जाणकार असला, तरी स्वतःच्या कामावर स्वतःच मोहोर उमटविण्याचा अधिकार कोणासही नाही. हिशेब लिहिणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व येथेही पाळले जाते.

२०११ पासून वर्षातून दोनदा, साधारणतः मे आणि नोव्हेंबर महिन्यांत, नवी आवृत्ती प्रसिद्ध होते. २०१६ पासून तर आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष व महिना लिहिला जातो. जुन्या आवृत्त्याही वाऱ्यावर सोडल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे सांभाळकर्ते नेमलेले असतात व ते दरमहा दुरुस्त्या पुरवितात. या पदांची जबाबदारी हाताहातांतून फिरते. क्रिस कॉर्मॅक यांनी ती वाहिली, पॉल पुलँ यांनी वाहिली, आणि त्यांच्यानंतर अनेक देशांतील स्त्री-पुरुषांनी वाहिली. आज जगातील हजारो ग्रंथालये कोहावर चालतात व त्यांत भारतातील अनेक महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालयेही आहेत. दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयासारख्या जुन्या संस्थेनेही तिचा स्वीकार केला.

अर्थात विनामूल्य म्हणजे बिनखर्ची, असा समज करून घेणे घातक ठरते. प्रणाली फुकट मिळते, पण संगणक, वीज, प्रशिक्षण आणि जाणकार माणूस फुकट मिळत नाही. नोंदींची राखीव प्रत रोज काढावी लागते, आणि ती त्याच इमारतीत ठेवून चालत नाही. मराठी ग्रंथालयांपुढे आणखी एक अडचण असते. पूर्वी अनेक ठिकाणी मराठी नोंदी युनिकोडपूर्व टंकांत करण्यात आल्या. त्या टंकाशिवाय ती अक्षरे वाचता येत नाहीत. कोहा युनिकोड वापरते; त्यामुळे जुन्या नोंदी प्रथम रूपांतरित करून, एकेक तपासून घ्याव्या लागतात. जोडाक्षर तुटले, की लेखकाचे नाव बदलते आणि पुस्तक कपाटात असूनही सापडेनासे होते. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील पाचव्यात त्यांनी ग्रंथालयास सतत वाढत जाणाऱ्या सजीवाची उपमा दिली आहे. जे वाढते त्याला रोज अन्न द्यावे लागते, त्याची निगा राखावी लागते. हा नियम ग्रंथालयाच्या संगणकीय वहीसही तितकाच लागू पडतो. इमारत बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. छपराची गळती दर पावसाळ्यापूर्वी काढणाऱ्याचे नाव सहसा कोठेच नसते. परंतु त्याच्यावाचून कोनशिलाही भिजून जाते.

लेव्हिनच्या न्यासाने २००० साली जी भेट दिली, ती एका दिवसात देऊन झाली. ती राखण्याचे काम मात्र अद्याप संपलेले नाही, आणि ते संपूही नये. विश्वस्त या शब्दाचा अर्थच मुळी असा आहे की वस्तू आपल्या हाती आहे, पण ती आपली नाही. ती जशी मिळाली त्याहून थोडी सुस्थितीत पुढच्या हाती सोपवायची. एका छोट्या गावाच्या ग्रंथपालांनी हा अर्थ जाणला, म्हणून त्यांचा आहेर आजही गावोगावच्या वाचकांच्या हाती पुस्तकाच्या रूपाने पोहोचत आहे.